चढाची बाटली

"ताई, ही तर तुम्ही अजून फोडलीच नाही."

आमच्या प्रयोगशाळेचे सहायक तडवीभाऊ स्टुलावर उभे होते. एका हातात रजिस्टर, दुसऱ्या हातात पांढरी प्लास्टिकची बाटली. आमच्या विभागात मार्चअखेरची मोजणी चालली होती. दरवर्षी त्या आठवड्यात रसायनांची एकूण एक बाटली कपाटातून खाली यायची, काट्यावर चढायची आणि किती उरली ते रजिस्टरात जायचं. मी प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहून एका हाताने खांद्यावरच्या कृतिकाला थोपटत होते आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर प्रूफची पानं वर सरकवत होते. कृतिका तेव्हा सात महिन्यांची होती. आमचा शोधनिबंध स्वीकारला गेला होता, शेवटची प्रूफं आली होती, आणि ती अठ्ठेचाळीस तासांत तपासून परत पाठवायची होती.

"कोणती, भाऊ?" मी मान वर न करताच विचारलं.

"लिथियम हायड्रॉक्साइड. दिवाळीनंतर तुमच्या नावाने मागवली होती. सील बघा, जसंच्या तसं."

"दुसरी असेल एखादी. वापरातली."

"दुसरी कुठची? सव्वीस वर्षं झाली मला हितं. या डिपार्टमेंटला ही पहिलीच बाटली. मीच उतरवून घेतली ना."

माझं बोट मोबाइलवर थांबलं होतं. त्याखाली आमचंच वाक्य होतं: आम्ही द्रावणाचा पीएच लिथियम हायड्रॉक्साइड वापरून ७.२ ला आणला.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग बाटलीकडे पाहिलं. कृतिकाने माझ्या गळ्यातली साखळी तोंडात घातली होती, ती मी काढून घेतली नाही.

हे वाक्य किती महत्त्वाचं होतं ते सांगायला हवं. डीएनए म्हटलं की सगळ्यांना ती पिळाची शिडी आठवते. पण त्यातलं ग्वानीन हे अक्षर जिथे लागोपाठ, पुन्हा पुन्हा येतं, तिथे धागा स्वतःभोवतीच वळतो. चार ग्वानीन एकमेकांचे हात धरून चौकोन करतात, चौकोनावर चौकोन बसतो, आणि सरळ धाग्याला गाठ पडते. जिवाणूंच्या जनुकांच्या उंबरठ्यावर अशा गाठी सापडतात. कुठे त्या जनुकाला बोलू देतात, कुठे गप्प बसवतात. गाठ टिकायला चौकोनांच्या मधल्या पोकळीत पोटॅशियम लागतं. लिथियम तिथे नीट बसत नाही. म्हणून गाठ खरी की खोटी हे पाहायचं तर जगभर एकच रीत: एक द्रावण पोटॅशियमचं, एक लिथियमचं. पहिल्यात गाठ दिसली पाहिजे, दुसऱ्यात सुटली पाहिजे.

आमची सुटत नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याच्या गरम झऱ्यातून आणलेला आमचा जिवाणू, त्याच्या एका जनुकापाशी सापडलेली गाठ, आणि ती लिथियममध्येही ताठ उभी. पोटॅशियमशिवाय टिकणारी गाठ! निबंधात नवं असं तेवढं एकच होतं.

आणि माझ्या गाइडसाठी, भिरूड मॅडमसाठी, त्यात आणखीही काही होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी दुसऱ्या एका जिवाणूत नेमकं हेच पाहिल्याचं छापलं होतं. कोणी मानलं नव्हतं. परिषदांमध्ये लोक नम्रपणे हसायचे म्हणे. जूनमध्ये मॅडम निवृत्त होणार होत्या. "जाता जाता तू माझी साक्ष काढलीस, हेमांगी," असं त्या निबंध स्वीकारला गेल्याचं पत्र आलं त्या दिवशी म्हणाल्या होत्या आणि चष्मा पुसत बसल्या होत्या.

"ताई? ही लिहू का? 'न वापरलेली' म्हणून?"

"थांबा भाऊ. मला लागणार आहे ती."

"मग वजन तरी करून घेतो आधी. नाहीतर अत्तरदे सर मला फाडून खातील."

आमच्याकडे पीएच-मीटरशेजारी कायम दोन बाटल्या असायच्या. तडवीभाऊंनी मार्करने एकीवर 'चढ' आणि दुसरीवर 'उतार' लिहिलेलं. पीएच वाढवायचा असला की चढाची बाटली घ्यायची, उतरवायचा असला की उताराची. मॅडमनीच ही सोय वीस-बावीस वर्षांपूर्वी लावून दिली होती, म्हणजे नव्या पोरांनी दरवेळी नवं द्रावण करून सांडलवंड करू नये. आत काय आहे हे विचारायची वेळच कोणावर यायची नाही. मीठ कुठल्या कंपनीचं आहे हे आपण भाजीत टाकताना विचारतो का?

"भाऊ," मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "चढाच्या बाटलीत काय भरता तुम्ही?"

"पोटॅशियमवालंच की. दर सोमवारी. का हो, काय झालं?"

"काही नाही. सहज."

मागवलेली बाटली कपाटात विसरून मी लिथियमचं म्हणून जे द्रावण केलं होतं, त्यात मीच, प्रत्येक वेळी, चढाच्या बाटलीतून पोटॅशियम ओतलं होतं.

मी कृतिकाला मॅडमच्या केबिनमध्ये नेऊन झोळीत ठेवलं. झोळी मॅडमच्याच जुन्या सुती साडीची, छतातल्या पंख्याच्या रिकाम्या हुकाला बांधलेली. माझा नवरा रेल्वेत, भुसावळला, पाळी कधी लागेल त्याचा नेम नाही, सासूबाई गावी, आई नाही. कृतिका तीन महिन्यांची झाली तेव्हा मी फेलोशिपचा राजीनामा घेऊन आले होते. मॅडमनी तो वाचलाही नाही. "पोरीला उद्यापासून इथे आण," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा झोळी तयार होती. विभागप्रमुख अत्तरदे सरांनी दारातून डोकावून विचारलं होतं, "मॅडम, हा विभाग आहे की अंगणवाडी?" मॅडम त्यांच्याकडे न बघता झोळीची गाठ ओढून पाहत म्हणाल्या होत्या, "तिच्या कामात चूक दाखवा सर. त्या दिवशी ही मी माझ्या हाताने सोडीन."

तर मी परत आले आणि बाटलीचं सील तोडलं.

एकाच पाण्यातून दोन द्रावणं केली. एकाचा पीएच नेहमीसारखा चढाच्या बाटलीने वाढवला, दुसऱ्याचा नव्या बाटलीतल्या लिथियमने. दोन्हींत आमच्या गाठीचा डीएनए टाकला, आधी उकळून मग हळूहळू थंड केला, आणि मशीनमध्ये लावला. मशीन नळ्या एकेका अंशाने तापवत नेतं आणि पडद्यावर दोन रेघा काढत जातं. गाठ असेल तर ती उष्णतेने सुटते आणि रेघ उतरते. गाठच नसेल तर सुटायचं काय? रेघ सपाट जाते.

सगळं व्हायला तीन तास लागतात. त्या तीन तासांत मी किती वेळा उठले, बसले, याला हिशोब नाही. बाहेर बेचाळीस अंश ऊन, कूलरचं पाणी संपलेलं. कृतिकाला पाजलं, तिचा लंगोट बदलला, परत येऊन रेघा पाहिल्या. तीस अंश. झोका दिला, परत आले. छत्तीस. हात धुतले. उगाच पुन्हा धुतले.

मॅडम वर्गावरून आल्या. हातात डबा.

"काय लावलंयस आता? प्रूफ बघ म्हटलं ना तुला."

"तुलनेचा एक प्रयोग परत लावलाय, मॅडम."

"आज? चार महिने घाई नव्हती तेव्हा नाही सुचलं!" त्या हसल्या. डबा माझ्यासमोर ठेवला. "भरीत आहे आणि कळण्याची भाकरी. पाजतेस, उपाशी राहू नकोस. आणि ते आकृतीखालचं लिखाण नीट बघ, त्यांनी माझ्या आडनावाचं पार वाटोळं केलंय."

भरीत चांगलं झालं होतं. मी सगळं खाल्लं. आजही मला त्याचं नवल वाटतं, की त्या अवस्थेत मी बोटं चाटली.

साठ अंशांपाशी एक रेघ उतरायला लागली, ऐंशीपर्यंत पार खाली गेली. ती चढाच्या बाटलीची. दुसरी पंचाण्णवपर्यंत सरळ गेली, पाटीवर ओढावी तशी. आमची गाठ लिथियममध्ये टिकत नव्हती. ती कधीच टिकली नव्हती.

त्या संध्याकाळी मी काही बोलले नाही. घरी गेले. रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पण एक गोष्ट मात्र त्या रात्रीतच माझ्या ध्यानात आली, आणि ती कळल्यापासून मला एका जागी बसवेना. तडवीभाऊ म्हणाले होते, या विभागाला ही पहिलीच बाटली. मग अकरा वर्षांपूर्वी मॅडमनी कुठल्या लिथियम हायड्रॉक्साइडने पीएच चढवला होता? ते वाक्य त्यांच्या जुन्या निबंधात होतं. मी तर ते तिथूनच, शब्द इकडचा तिकडे न करता, उचललं होतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी दोन्ही रेघांचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. प्रूफ पाठवायला संध्याकाळी पाचपर्यंत वेळ होता.

मॅडमनी कागद पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"सपाट कोणती?"

"लिथियमची. खऱ्या लिथियमची. आधीच्या सगळ्या वेळी मी चढाची बाटली वापरली, मॅडम. ही काल फोडली."

त्या उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. झोळीत कृतिका स्वतःशीच आवाज काढत होती. मॅडमनी जाता जाता झोळीला एक झोका दिला, सवयीने.

"म्हणजे काहीच नाही आपल्याकडे."

"नाही."

"तीन वर्षं."

"हो, मॅडम."

मग त्या वळल्या. आवाज इतका मऊ होता की मला ओरडा चालला असता.

"तुझी झोप होत नव्हती त्या दिवसांत. मला दिसत होतं ना. एकदा तू काट्यासमोर उभ्याने डुलकी घेतली होतीस." त्या खुर्चीत बसल्या, कोरा कागद ओढला. "संपादकांना लिहू आपण. निबंध मागे घेतो म्हणून. प्रसूतीनंतरचा काळ होता, अनवधानाने घडलं, असं. त्यात लाजायचं काही नाही. लेकुरवाळीला कोण बोलणार आहे?"

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, यांना कळलंय. यांना अकरा वर्षांपूर्वीची बाटली आठवली आहे, आणि त्या मला विचारताहेत, न विचारता. हे तुझ्या अंगावर घे, म्हणजे ते जुनं झाकलेलंच राहील. जूनला किती दिवस उरले होते? मी झोळीकडे पाहिलं. त्यांच्या साडीच्या काठाकडे पाहिलं. काल खाल्लेली भाकरी आठवली. अत्तरदे सर पुढे काय म्हणतील तेही मला ऐकू आलं, आणि माझ्यामागून येणाऱ्या प्रत्येक पोरीला ते काय म्हणतील तेही.

"हो मॅडम," मी म्हणाले. "झोप होत नव्हती."

त्या लिहायला लागल्या. कृतिका रडायला लागली. मी तिला घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत पाठमोरी बसले आणि पदराआड घेतलं. पेनाचा आवाज येत होता. माझा पाय सारखा हलत होता. कृतिकाने दूध सोडून दोनदा माझ्याकडे वर पाहिलं.

दार वाजलं. तडवीभाऊ रजिस्टर घेऊन आले. मला पाहून दारातच थबकले, तोंड फिरवून उभे राहिले.

"मॅडम, सह्या. अत्तरदे सरांनी बारापर्यंत मागितलंय."

"ठेवा इथे. कुठे करू?"

"हितं, हितं, आणि लिथियमच्या नव्या पानावर एक. नवीन रसायन आलं की नवीन पान पडतं ना. त्याला तुमची सही लागती."

पेन थांबलं.

"नवीन कसं, भाऊ? हे आपण पूर्वीही वापरलंय. जुन्या पानावर घ्या की."

"जुनं पानच नाही, मॅडम. पहिल्यापासून सगळी रजिस्टरं माझ्या हातची आहेत. क्लोराइड आहे लिथियमचं, जुनं. हायड्रॉक्साइड हे पहिल्यांदाच."

मी वळले नाही. वळायची गरजही नव्हती. खोलीत काय झालं ते मला पाठीला कळलं. मग सहीचा आवाज आला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तडवीभाऊ "येतो" म्हणाले आणि दार लावून गेले.

"हेमांगी."

मी पदर सारखा केला आणि वळले. मॅडमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांना माहीत नव्हतं. आत्ता, या मिनिटाला कळलं होतं. मघाशी त्या फक्त माझी काळजी करत होत्या.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"परवा... नाही, कालपासून. काल भाऊ म्हणाले तेव्हा लक्षात नाही आलं. रात्री आलं."

"आणि मघाशी मी झोपेचं म्हणाले तर तू 'हो' म्हणालीस."

मी कृतिकाचं झबलं सारखं केलं.

"का?"

"तुम्ही एवढं केलंत माझ्यासाठी..."

"काय केलं? एक जुनी साडी बांधली!" त्या पहिल्यांदाच ओरडल्या. कृतिका दचकली. मॅडमनी लगेच हात पुढे करून तिची टाच धरली, गप्प केलं, पण डोळे माझ्यावरच होते. "तुला काम करता यावं म्हणून बांधली. तू त्याची फेड करणार, माझ्या वतीने खोटं बोलून? आणि मी ते घेईन, असं वाटलं तुला? मला ओळखून तुला असं वाटलं?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

हे मी बोलायला नको होतं. त्यांनी टाच सोडली. टेबलावरचा रेघांचा कागद पुन्हा पुढ्यात ओढला.

पुढचं इथेच सांगून टाकते. निबंध मागे घेतला गेला. अकरा वर्षांपूर्वीच्या निबंधावर दुरुस्तीची सूचना छापून आली. अत्तरदे सर आले आणि दारातूनच म्हणाले, "चूक निघाली म्हणे." मॅडम म्हणाल्या, "निघाली. माझ्या पद्धतीत निघाली." झोळी जूनपर्यंत राहिली. मॅडमच्या निरोपसमारंभात त्यांच्या संशोधनावर कोणी बोललं नाही, शिस्तीवर बोलले. माझ्या पीएच.डी.ला आणखी दोन वर्षं लागली. त्यात ती गाठ आहे, पोटॅशियम असलं तरच टिकणारी, चारचौघींसारखी. मॅडमचा फोन येतो अजून. कृतिका पहिलीत आहे आणि त्यांना भाषेच्या पुस्तकातले धडे वाचून दाखवते. आत्ता ती शाळेत आहे, धाकटा झोपलाय, तेवढ्यात हे लिहितेय.

कधीकधी मला वाटतं, मी 'हो' म्हणाले ते त्यांच्यासाठी नव्हतंच. माझ्यावर कोणी रागावू नये म्हणून होतं. लेकुरवाळीला कोण बोलणार आहे, हे मला आवडलं होतं.

पण त्या सकाळी एवढं कळत नव्हतं. मॅडमनी मघाच्या कागदावर आडवी रेघ मारली. नवे दोन कागद घेतले. न थांबता लिहीत गेल्या, एक पत्र या निबंधाचं, एक जुन्या निबंधाचं, आणि दोन्ही माझ्याकडे फिरवले.

"वाच. चुकलं असेल तर सांग. या वेळी सांग."

दुसरं पत्र मी आधी वाचलं. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मग पहिलं. द्रावण करण्याची पद्धत प्रयोगशाळेत मी घालून दिली, तिच्यात दोष होता, निष्कर्ष टिकत नाही, जबाबदारी पूर्णपणे माझी आहे. खाली जागा सोडून त्यांची सही.

मी ते तीनदा वाचलं. बाहेर तडवीभाऊ कोणाला तरी सांगत होते की काटा हलवू नका, आत्ताच बसवलाय.

"मॅडम, पहिल्यात माझं नाव राहिलंय."

"तुझं काय त्यात? बाटली मी ठेवली तिथे."

"मी उचलली. आत काय आहे ते विचारलं नाही. आणि न फोडलेल्या बाटलीने पीएच आणला असं छापायला दिलं. ते लिहिलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, कृतिका झोपली होती, मी चहा पिऊन ताजीतवानी बसले होते." मी पहिल्या पत्रावर बोट ठेवलं. "झोपेचं काही नव्हतं त्यात."

मॅडमनी चष्मा काढला, परत लावला. मग पेनाचं टोपण काढून पेन माझ्याकडे सरकवलं.

"लिही मग," त्या म्हणाल्या. "तुझ्या हाताने."

कृतिका माझ्या मांडीवर होती. तिने कागदाचा कोपरा मुठीत पकडला आणि काही केल्या सोडेना. मी कागद तसाच थोडा वाकडा धरून, त्यांच्या सहीवरच्या मोकळ्या जागेत, काय काय केलं ते एकेक करून लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं.